दार उघडून गाडी धुवा

सुरतेच्या वेशीबाहेरच्या चलथाणमध्ये गाडी मळायला वेळ लागत नाही. पलसाणा तालुक्यातल्या या गावाजवळून 48 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो आणि त्यावर ट्रक-कंटेनरची रांग रात्रंदिवस तुटत नाही. लगतच्या कडोदऱ्यात आणि पलसाण्याच्या बाजूला कापड रंगवण्याच्या नि छापण्याच्या मिला आहेत, गावात सहकारी साखर कारखाना आहे आणि भोवताली उसाची शेते. उधना-जळगाव लोहमार्गावरचे हे स्थानक असल्यामुळे धुळे, नंदुरबार, जळगावहून सुरतेला पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी माणसालाही हे नाव परके नाही. इथे ज्याच्या दारात चारचाकी आहे, तो ती धुतो किंवा धुऊन घेतो. त्यात कोणी आळस करत नाही. प्रश्न आहे तो आपण नेमके काय धुतो याचा. बॉनेट, छत, काचा आणि चाके चकचकीत झाली की गाडी स्वच्छ झाली असे आपण धरून चालतो. गाडी किती वर्षे टिकणार, याचा निकाल मात्र या चकचकीत पत्र्यावर लागत नाही. तो लागतो दार उघडल्यावर दिसणाऱ्या चौकटीत, तिच्या खालच्या पट्टीवर आणि दाराच्या खालच्या दुमडीत. नेमक्या याच जागेवरून फडके फिरत नाही. म्हणून धुलाईची आपली व्याख्याच बदलायला हवी: दारे न उघडता केलेली धुलाई ही अर्धी धुलाई समजावी.

ही जागा सुटते ती कोणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हे, तर कामाच्या वाटणीमुळे. सोसायटीत पहाटे गाड्या पुसणाऱ्या मुलाला महिन्याचे पैसे ठरलेले असतात, पण किल्ली कोणी देत नाही. त्यामुळे त्याचे काम बंद दारांच्या बाहेरच सुरू होते आणि बाहेरच संपते. वॉशिंग सेंटरवर दोन कामे असतात. एक बाहेरून फोम मारून पाइपने धुण्याचे आणि दुसरे आतून व्हॅक्युम मारून डॅशबोर्ड पुसण्याचे. चौकट बाहेरच्या कामात येत नाही, कारण तेव्हा दार बंद असते. आतल्या कामातही येत नाही, कारण ती सीटही नाही आणि मॅटही नाही. सर्व्हिसिंगच्या यादीत ऑइल, फिल्टर, ब्रेक यांचे रकाने असतात. बिजागरीला तेल देण्याची एखादी ओळ असलीच, तर तिच्यामागचा चिखल खरवडायला कोणी थांबत नाही. आणि मालकाला ही चौकट दिसते दिवसातून दोनदा, तीही पाय आत-बाहेर करताना. कोणाच्याच वाट्याला न आलेले काम न होता राहते, यात नवल नाही.

या दुर्लक्षाची किंमत कळण्यासाठी दाराची बांधणी थोडी समजून घ्यावी लागते. पावसाचे पाणी दारात शिरतच नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात खिडकीची काच जिथून खाली सरकते, त्या फटीतून थोडे पाणी आत झिरपणार हे गृहीत धरूनच दार बनवलेले असते. ते पाणी दाराच्या पोटातून खाली उतरते आणि तळाला ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर पडते. गाडीच्या आतला भाग कोरडा ठेवण्याचे काम रबरी बीडिंगचे. म्हणजे बीडिंगच्या बाहेर राहिलेली चौकटीची पट्टी, बिजागऱ्यांमागची खाच आणि लॉक अडकतो तो हूक हे सगळे भाग ओल्या हद्दीत येतात. रस्त्यावरची धूळ वाऱ्यासोबत तिथे ओढली जाते, पाण्याबरोबर बसते आणि ऊन-वारा लागत नसल्याने ओली राहते. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून बसवलेला असतो. त्या दुमडीत सीलंट भरतात खरे, पण कालांतराने त्याला बारीक चिरा जातात. तळाची भोके मातीने बुजली, तर पाणी याच दुमडीवर साचते. गाडी वळवताना दारातून पाणी खळखळल्याचा आवाज आला, की भोके बुजली आहेत हे समजावे आणि त्याच दिवशी ती मोकळी करावीत.

गंजाला लोखंड, पाणी आणि प्राणवायू एवढेच पुरते. क्षार आणि आम्ल मिळाले तर त्याचा वेग वाढतो. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर न दिसणारा पाण्याचा थर धरू लागतो, आणि पृष्ठभागावर धूळ किंवा क्षार असतील तर तो त्याहून कमी दमटपणातही धरतो. आता चलथाणचा परिसर डोळ्यांपुढे आणावा. सुरतेला वर्षाकाठी सरासरी 1200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे धुळ्याच्या जवळपास दुप्पट. समुद्र फार लांब नाही, त्यामुळे पावसाळा सरला तरी हवेतला दमटपणा पुरता जात नाही. मिलांच्या बॉयलरमध्ये कोळसा आणि लिग्नाइट जळतो. त्या धुरातला गंधकाचा अंश ओलाव्यात मिसळून आम्ल होतो. गाळप हंगामात उसाचे ट्रक आणि ट्रॅक्टर रस्त्यावर पाचट सांडत जातात, आणि पाचटाचा चुरा कोपऱ्यात अडकला की पाणी धरून ठेवतो. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटेल. चौकटीच्या खाचेत मात्र त्या एकत्र जमतात, आणि उघड्या पत्र्याला मिळणारे ऊन तिथे पोचत नाही.

यात काळ्या मातीची भर पडते. दक्षिण गुजरातचा ऊसपट्टा काय आणि खानदेशातला तापीकाठ काय, जमीन काळी, कपाशीची. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळायला वेळ घेते. पिकाला तिचा हा गुण मानवतो, पण पत्र्याला तोच घातक ठरतो. सुट्टीत बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर करत 53 क्रमांकाच्या महामार्गाने गावी गेलेली गाडी शेताच्या बांधापर्यंत जाते; माणसे चिखलाच्या पायांनी आत बसतात आणि तो चिखल चौकटीच्या खालच्या पट्टीवर पुसला जातो. बाहेरच्या पत्र्यावरची माती पुढच्या पावसात वाहून जाते. चौकटीतली वाळून घट्ट बसते आणि पुन्हा दमट हवा मिळाली की पुन्हा ओल धरते. शिवाय वाळूच्या कणांवर बूट घासत राहिले की रंगावर ओरखडे उठतात. एकदा ओरखडा प्रायमर भेदून पत्र्यापर्यंत पोचला की गंज रंगाच्या खालून सरकू लागतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून तो वरचा रंग फुगवतो. फुगलेल्या रंगाच्या फोडांत आणखी पाणी शिरते. फोड दिसेपर्यंत आतले काम बरेच पुढे गेलेले असते.

हा केवळ देखणेपणाचा प्रश्न असता, तर त्यावर वर्तमानपत्राची जागा अडवायचे कारण नव्हते. दोन दारांमधला खांब, ज्याला गॅरेजमध्ये बी-पिलर म्हणतात, आणि दारांखालून जाणारी पोकळ पट्टी हे गाडीच्या सांगाड्याचे भाग आहेत. बहुतेक गाड्यांत पुढच्या सीटचा पट्टा याच खांबाला बांधलेला असतो. बाजूने धडक बसली की माणूस आणि समोरचे वाहन यांच्यामध्ये दार, हा खांब आणि ही पट्टी एवढेच उरते. आपल्याकडे बाजूच्या धडकेची चाचणी एआयएस-099 या मानकानुसार होते, आणि 2023 च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या योजनेतही ती आहे. मात्र हे तारे मिळतात ते नव्या, कोऱ्या पत्र्याच्या गाडीला. दहा-बारा वर्षे चिखल जपलेल्या चौकटीला ते लागू आहेत, असे समजण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये हे तत्त्व कायद्यात उतरले आहे. तिथे 1960 पासून सुरू असलेल्या वार्षिक एमओटी तपासणीत सीट-पट्ट्याच्या बांधणीपासून 30 सेंटिमीटरच्या आत सांगाडा गंजाने कमजोर झालेला आढळला, तर गाडी नापास होऊ शकते. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या देशाला गंजाचा धोका लवकर कळला, एवढाच फरक. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तिची तपासणी होते ती ही मुदत सरल्यावर, नूतनीकरणाच्या वेळी. तोवर चौकटीवर देखरेख ठेवणारा एकच माणूस असतो, तो म्हणजे मालक.

पैशाचा हिशेबही हेच सांगतो. नोकरदार किंवा छोटा धंदेवाला कुटुंबासाठी गाडी घेतो, तेव्हा ती बऱ्याचदा दुसऱ्या हाताची असते आणि पुढे तिसऱ्या हातात जायची असते. जुनी गाडी घेताना जाणता मेकॅनिक बॉनेटच्या चकाकीकडे पाहत नाही. तो चारही दारे उघडतो, बीडिंग थोडे ओढून त्याखालचा पत्रा पाहतो, कंपनीतल्या वेल्डिंगचे ठिपके एकसारख्या अंतरावर आहेत का, रंगाची छटा आतबाहेर सारखी आहे का, बिजागरीच्या बोल्टवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, हे तपासतो. ठोकलेली गाडी बाहेरून डेंटिंग-पेंटिंग करून नवी दिसू शकते; चौकटीतल्या खुणा झाकणे अवघड जाते. पुरात बुडालेल्या गाड्यांचेही तसेच. 2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडाला होता. 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि 2021 मध्ये चिपळूणने तेच पाहिले. अशी गाडी कितीही धुतली, तरी बिजागऱ्यांच्या मागे आणि बीडिंगच्या खोबणीत पुराचा बारीक गाळ राहतो. ज्या जागेवर घेणाऱ्याची नजर सर्वांत आधी जाते, तिला विकणाऱ्याने वर्षानुवर्षे हात लावू नये, हा व्यवहार तोट्याचा आहे. खालची पट्टी कापून नवा पत्रा जोडायची वेळ आली की खर्च हजारांत जातो, आणि जोड दिलेल्या पत्र्याला कंपनीत बुडवून लावलेल्या प्रायमरचे संरक्षण पुन्हा मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो नव्या गाड्यांचा. आता पत्रा जस्ताचा मुलामा दिलेला असतो, सगळा सांगाडा विजेच्या साहाय्याने प्रायमरमध्ये बुडवून काढतात, मग जुनी भीती कशाला? आक्षेपात तथ्य आहे. 1983 मध्ये रस्त्यावर आलेली आणि 2014 पर्यंत कारखान्यातून निघत राहिलेली मारुती 800 ज्यांनी पाहिली आहे, त्यांना दाराखालचा कुजलेला पत्रा आठवेल. आजच्या गाडीत ते दृश्य उशिरा दिसते. पण उशिरा दिसते याचा अर्थ दिसतच नाही असा होत नाही. जस्त लोखंडाला वाचवते ते स्वतः झिजून. ओल आणि क्षार सतत मिळत राहिले तर ते लवकर संपते. मुलामा सगळ्या पत्र्यांना सारखा असतो असेही नाही. मॉडेल आणि भाग यांनुसार तो बदलतो. परदेशी बाजारात कंपन्या गंजाची दीर्घ हमी देतात, तिथेही ती सहसा आतून आरपार भोक पडण्यापुरती असते. ओरखड्यातून आलेला वरचा गंज किंवा निगा न राखल्याने झालेले नुकसान तिच्यात बसत नाही. थोडक्यात, नव्या तंत्राने मालकाला मुदतवाढ दिली आहे, कामातून सुटका दिलेली नाही.

दुसरा आक्षेप वॉशिंग सेंटरकडून येईल: प्रेशरचा पाइप आहेच, दार उघडून मारला की झाले. हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. दार आणि खांब यांच्यामध्ये रबरी नळीतून वायरी जातात. खिडकी, लॉक, स्पीकर, काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचे सेन्सर त्यांच्यावर चालतात. जवळून मारलेला जोराचा झोत बीडिंगची धार उचलतो, वायरींच्या जोडात पाणी घालतो आणि माती बाहेर काढण्याऐवजी दुमडीत आणखी आत ढकलतो. आतला कार्पेट भिजला तर तो वरून कोरडा वाटतो आणि खालून पत्र्याला ओल देत राहतो. अशीच दुसरी सवय म्हणजे धुलाईनंतर डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारणे. त्याने पत्रा काही दिवस तुकतुकीत दिसतो हे खरे. पण बीडिंग ज्या जातीच्या रबराचे असते, त्याला पेट्रोलियमचे तेल सोसत नाही. ते फुगते, सैल पडते आणि मग पावसाचे पाणी थेट आत येते. शिवाय तेलकट पृष्ठभागावर मिलांची काजळी आणि रस्त्याची धूळ दुप्पट चिकटते. संरक्षणाच्या नावाखाली आपण धूळ धरायचा सापळाच लावतो.

तिसरा आक्षेप वेळेचा आणि पाण्याचा. रोजची पाळी, दुकान, मुलांची शाळा यांतून हे कोण करणार, आणि त्यासाठी आणखी पाणी का घालवायचे? हे काम पाण्याचे नाहीच, फडक्याचे आहे. अर्ध्या बादलीत चारही दारे होतात. आधी कोरड्या ब्रशने वाळू झाडावी, कारण वाळूवर फडके घासले की ओरखडे आपणच पाडतो. मग गाडीच्या शाम्पूच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने वरून खाली पुसावे. बिजागरीच्या खाचेत जुना दात घासायचा ब्रश पोचतो. कपड्यांची पावडर वापरू नये, ती मेणाचा थर काढून टाकते. दुसऱ्या, साध्या ओल्या फडक्याने साबण टिपून घ्यावा, तळाची भोके प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करावीत आणि दारे उघडी ठेवून सगळे पूर्ण सुकू द्यावे. सुकणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त टाळला जाणारा भाग आहे. त्यानंतर चौकटीच्या रंगावर गाडीच्या मेणाचा पातळ हात, बीडिंगला सिलिकॉनचा हात आणि बिजागरीला थोडेसे ग्रीस, जादाचे पुसून टाकून. पाय ठेवायच्या पट्टीवर मात्र निसरडे काही लावू नये. साधी पुसपास महिन्यातून एकदा आणि मेणासकट पूर्ण काम वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, एवढे पुरे. वेळ लागतो तो अर्ध्या तासाचा.

चौथा आक्षेप उलट बाजूचा आहे: त्यापेक्षा सरळ सिरॅमिक कोटिंग करून घ्यावे, म्हणजे पाच वर्षे पाहायला नको. कोटिंगला विरोध असण्याचे कारण नाही. ते बाहेरच्या रंगाचे तेज राखते. पण बरीच पॅकेजे बाहेरच्या पत्र्यापुरतीच असतात, आणि चौकटीचा उल्लेख असला तरी तिथला चिखल आधी पूर्ण निघाला का, हे कोणी पाहत नाही. ओल आणि माती यांच्यावर चढवलेला कोणताही थर पत्र्याचे रक्षण करत नाही. शिवाय कोटिंगमुळे दुमडीतली भोके मोकळी होत नाहीत की कडक झालेले बीडिंग मऊ होत नाही. हजारो रुपये मोजून घेतलेली निश्चिंती दहा रुपयांच्या ब्रशचे काम टाळण्यासाठी असेल, तर ती फसवी आहे. चौकट हा घराच्या उंबऱ्यासारखा भाग आहे: त्याला वर्षातून एकदा रंग देऊन भागत नाही, तो येता-जाता पुसावा लागतो.

मग बदल कुठून व्हावा? मालकाच्या हौसेवर सगळे सोडले तर फार काही होणार नाही. कामाच्या वाटणीतून सुटलेली जागा पुन्हा वाटणीत आणावी लागेल. चलथाण-कडोदऱ्यापासून धुळ्या-जळगावपर्यंतच्या वॉशिंग सेंटरांनी दरफलकावर ‘दारे उघडून चौकट पुसणे’ अशी स्वतंत्र ओळ घालावी आणि तिचे थोडे पैसे जरूर घ्यावेत. ज्या कामाला दर असतो ते काम होते. सर्व्हिस सेंटरांनी पावसाळ्याआधीच्या तपासणीत दाराची भोके, बीडिंग आणि खालची दुमड यांचा रकाना धरावा. जुन्या गाड्यांच्या फिटनेस तपासणीत दिवे, धूर आणि ब्रेक यांच्याइतकेच खांब आणि खालच्या पट्टीच्या गंजाकडे काटेकोरपणे पाहावे. सोसायटीत गाडी पुसणाऱ्याला महिन्यातून एक दिवस, आपण समोर उभे राहून, दारे उघडून द्यावीत आणि त्या दिवसाचे वेगळे पैसे द्यावेत. त्यात अविश्वासाचा प्रश्न उरत नाही आणि त्याच्या मेहनतीचीही कदर होते. आणि पुढच्या वेळी गाडी धुऊन मिळाली की किल्ली घेण्याआधी चारही दारे उघडून चौकटीवरून एक बोट फिरवावे. बोटाला माती लागली, तर काम पूर्ण झालेले नाही. पैसे ते पूर्ण झाल्यावरच द्यावेत.